म्हाताऱ्यांचं पाणी

आमच्या गावात किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्याला म्हाताऱ्यांचं पाणी म्हणतात. बुड्या मारून शंख आणि शेवाळ काढणाऱ्या बायका थकल्या, खोल पाण्यात दम पुरेनासा झाला, की ते पाणी त्यांचं. तरुण बाई तिथे हात घालत नाही. हा नियम कुठे लिहिलेला नाही, पण तो मोडलेला मी जन्मात पाहिला नाही.

यंदा आपल्या देशाच्या आणि एका मित्रदेशाच्या नौदलांचा संयुक्त सराव आमच्या जेजू बेटावर, आमच्याच गावासमोर ठरला. बुडत्या जहाजावरची माणसं कशी वाचवायची, त्याचा सराव. त्याला कोण नको म्हणेल? पण त्यासाठी नेमकं म्हाताऱ्यांचं पाणी बंद होणार होतं, तेही शेवाळाच्या ऐन हंगामात.

गावच्या सभागृहात बैठक झाली. सरकारी कचेरीतले ह्यॉन साहेब बायकांना समजावत होते की, जागा पाहुण्यांनीच मागितली आहे, मित्रदेशाचा शब्द कसा मोडायचा? हवं तर म्हाताऱ्यांनी तेवढे दिवस खोल पाण्यात उतरावं. यावर बायका चिडून हसल्या. बू मालसुन ऐंशीच्या पुढची. ती म्हणाली की खोलात गेले तर मलाच वाचवायला यांच्या होड्या येतील, सराव आयताच होईल.

मी दुभाष्या होतो. शाळेत इंग्रजी शिकवलं, पण ते वाचण्याचं. बोलायची वेळ आली की जीभ अडखळते. दुसरं कोणी मिळालं नाही म्हणून मला बसवलं होतं.

पाहुण्यांच्या तरुण अधिकाऱ्याने नकाशावर बोट ठेवून ह्यॉन साहेबांना हळूच इंग्रजीत विचारलं, हे पाणी कोणी वापरतं का? साहेब इंग्रजीतच म्हणाले, कोणी नाही.

आपण चुकीचं ऐकलं, असंच मला आधी वाटलं. मला नेहमी तसंच वाटतं. पण अधिकाऱ्याने पुन्हा विचारलं आणि साहेबांनी पुन्हा तेच सांगितलं. समोर चाळीस बायका बसल्या होत्या. माझे कान तापले. मी उभा राहिलो आणि प्रश्न व उत्तर दोन्ही सभागृहाला आपल्या भाषेत सांगितलं.

"मास्तर, तुम्हाला भाषांतराला बोलावलंय, भांडणं लावायला नाही," साहेब म्हणाले.

"भाषांतरच केलं," मी म्हणालो. आवाज फार बारीक आला.

मालसुन उठून साहेबांना म्हणाली, "अरे, तुझी आई अखेरपर्यंत माझ्या शेजारी याच पाण्यात उतरत होती. तीही कोणी नव्हती का रे?"

मी तिचं बोलणं अधिकाऱ्याला सांगितलं. तो लाल झाला. म्हणाला, जागा आम्ही मागितलीच नव्हती, आमच्या होड्या टेकडीपलीकडेही चालतील. मग हीच जागा का, असं बायकांनी विचारल्यावर साहेबांना सांगावंच लागलं: इथल्या बांधावरून मान्यवरांना सराव छान दिसतो म्हणून. मंडपसुद्धा आधीच उभा होता. खुर्च्यांसाठी म्हाताऱ्यांना घरी बसवणार होते, आणि आळ मात्र पाहुण्यांवर.

सराव टेकडीपलीकडे झाला. मंडप मात्र हलवला नाही. दोन्ही देशांचे मान्यवर दुर्बिणी घेऊन तिथे आले, आणि त्यांच्यासमोर पाण्यात फक्त मालसुन आणि तिच्या सोबतिणी शेवाळ काढत होत्या.

ह्यॉन साहेबांनी माझ्या हातात माईक दिला आणि एक वाक्य दिलं, ते इंग्रजीत सांगायला: गावच्या समुद्रकन्या मित्रदेशाच्या पाहुण्यांचं स्वागत करत आहेत.

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते हसत होते. इतका राग मला आयुष्यात कधी आला नसेल. इंग्रजीचं व्याकरण चुकेल अशी धास्तीही होतीच.

"या बायका स्वागत करत नाहीत," मी एकेक वाक्य आधी इंग्रजीत, मग आपल्या भाषेत म्हणू लागलो. "त्या काम करताहेत. हे पाणी त्यांचं आहे. ते बंद करायला तुमचं नाव खोटंच..."

पुढचं बोलायच्या आत साहेबांनी माईक ओढून घेतला.