बांधावरचा पांगारा

सन १९७६ च्या फाल्गुन महिन्यात आमच्या गावच्या वाचनालयाने काव्यवाचनाचा कार्यक्रम योजिला होता. माझे शिक्षण इयत्ता चौथीपर्यंतच झालेले. तथापि पलटणीत असताना मी पुष्कळ कविता वाचल्या होत्या. म्हणून निसर्गावर एक काव्य रचून ते पत्नी अंजना हिला वाचून दाखविले. त्यात कमळे, राजहंस व देवदारांची राई होती.

शेंगा फोडता फोडता तिने ते ऐकले व विचारले, "आवं, ह्ये रान कुणाचं?"

आपलेच, असे मी सांगितले.

"मग राजहंस कवा आला? मला तर बगळंच दिसत्यात."

मला राग आला, परंतु तिचे म्हणणे असत्य नव्हते. सबब दुसऱ्या दिवशी वही घेऊन मी कृष्णाकाठच्या मळ्यात गेलो व बांधावरील पांगाऱ्यासमोर बसलो. हा वृक्ष त्याच आठवड्यात तोडावयाचा होता. पावसाळ्यात त्याची सावली थोरले बंधू भाऊसो यांच्या उसावर पडे व तेथील ऊस बारीक राही. तोडण्यास मी माघातच संमती दिली होती. देताना मान वर करून पाहिलेही नव्हते.

आता त्यावर एकही पान नव्हते, नुसती तांबडी फुले. साळुंक्या, कावळे, कोतवाल येत होते. फुलात चोच घालून निघालेल्या साळुंकीच्या कपाळास पराग लागलेला असे. हे मी कोणत्याही पुस्तकात वाचलेले नव्हते.

तिसऱ्या दिवशी भाऊसो कुऱ्हाड घेऊन आले. मी थांबण्याची विनंती केली, तेव्हा शब्द फिरविणे पलटणीत शिकवितात काय, असे त्यांनी विचारले. शब्द मी झाड न पाहता दिला होता, हे मी कबूल केले. मग सुचविले की, सावलीतल्या उसाच्या चार सऱ्या मी घ्याव्यात व पाटाकडील माझ्या चार त्यांनी घ्याव्यात.

"कवितेपायी ऊस घालवतोस व्हय रं?"

"कविता अजून झालीच न्हाई, दादा. अजून बघतोय."

त्यांनी कुऱ्हाड खांद्यावर टाकली. ऊस तुटून गेल्यावर सऱ्यांची अदलाबदल झाली.

वाचनालयात मी काही वाचले नाही. पुढील हंगामात त्या चार सऱ्यांतला माझा ऊस बारीकच आला. फाल्गुनात पांगाऱ्याखाली भाकरी खाताना भाऊसोंनी वर फुलांतल्या साळुंकीकडे पाहून विचारले, हिच्या कपाळावरच्या परागाचे लिहिलेस काय. सहा ओळी झाल्या होत्या. त्या मी त्यांना वाचून दाखविल्या.