न उठलेली रेषा

कौसरच्या डोक्याचा पार भुगा झाला होता. देवळ्याहून आलेल्या कांदा पावडरचा नमुना तिने पुन्हा मशीनला लावला, तरी पडद्यावर काही उठेना. अंबडच्या या प्रयोगशाळेत ती अन्नातला साल्मोनेला शोधते. जुलाब आणि तापाने माणसाला आडवं करणारा हा जंतू. मशीन त्याच्या डीएनएच्या प्रतींवर प्रती काढत राहतं, आणि जंतू असला की पडद्यावर रेषा वर चढते.

प्रयोगशाळेचे मालक रविराज सर मागे येऊन उभे राहिले. "रेषा नाही ना? मग माल स्वच्छ. देऊन टाक रिपोर्ट. धोंडीरामशेठचा परदेशी जाणारा कंटेनर खोळंबलाय."

"सर, प्रत्येक नळीत आपण ओळखीचा डीएनए मुद्दाम घालतो. त्याचीही रेषा उठलेली नाही. म्हणजे तपासणी झालीच नाही."

"तू ना, उगाच फाटे फोडतेस."

फाटे म्हणे! कांदा जंतूंना नीट वाढू देत नाही आणि वर मशीनचंही काम अडवतो, हे या माणसाला किती वेळा सांगायचं? पहिल्या खेपेला तिनेही सवयीने दूध पावडरीसारखंच मिश्रण केलं होतं. त्याचा स्वतःवरचा राग वेगळाच.

तिने नवा नमुना घेतला, भरपूर पातळ केला, कांद्याचा जोर मोडणारा क्षार घातला आणि रात्रभर उबेत ठेवला. दुसऱ्या दिवशी ओळखीच्या डीएनएची आणि साल्मोनेलाची, दोन्ही रेषा चढल्या. मेलेल्या जंतूंचाही डीएनए सापडतो, म्हणून तिने ते प्लेटवर वाढवूनही पाहिले. चांगले जिवंत होते. सरांचं तोंड उतरलं, पण सही त्यांनी केली.

रिपोर्ट न्यायला धोंडीरामशेठ स्वतः आले. आता आरडाओरडा होणार म्हणून कौसर तयारीतच होती. शेठ मात्र हात जोडून म्हणाले, "ताई, तुम्ही वाचवलं. तिकडून कंटेनर परत आला असता तर लय नाचक्की झाली असती."

"मग माल नष्ट करणार ना?"

"नष्ट कशापायी? हितंच जाईल. चिवडेवाले हायेत, फरसाणवाले हायेत. हितं रिपोर्ट कोण मागतंय?"

"अहो शेठ, ती पावडर चिवडा तळून झाल्यावर वरून भुरभुरतात! जंतू मरणार कसा?"

"आपल्या मानसांना काय व्हत नाय, ताई." शेठ हसत बाहेर पडले.

कौसर सरांकडे वळली. "सर, अन्न विभागाला कळवू या."

"रिपोर्ट गिऱ्हाइकाचा असतो. तो बाहेर फुटला तर उद्या इथे नमुना कोण आणेल? आपलं काम संपलं."

तिला संतापाने रडू आलं. दाराबाहेर शेठ फोनवर कुणाला तरी कंटेनर रिकामा करून टेम्पो भरायला सांगत होते. तिने मुकाट्याने माल स्वच्छ लिहून दिला असता, तर परदेशातल्या बंदरावर तो पुन्हा तपासला गेला असता, कदाचित तिथे अडलाही असता. आता तो कुठेच अडणार नव्हता.