भिंतीकडे तोंड केलेलं सॅन फ्रान्सिस्को

मित्रांनो, मी एक जुना नकाशा आहे. माझ्या अंगावर अमेरिकेतलं सॅन फ्रान्सिस्को हे शहर आहे. त्याच्या टेकड्या, सरळसोट रस्ते, तीन बाजूंनी पाणी. ते सगळं अजून जागेवर असेल असं मी धरून चालतो. कोणी पाहिल्याला फार वर्षं झाली, कारण लातूरच्या एका क्लासमध्ये मला भिंतीकडे तोंड करून ठोकून टाकलं आहे. समोर फक्त चुना आहे. तरी बोलतो.

माझा जन्म तिकडच्याच एका छापखान्यातला. १९०६ साली त्या शहरात मोठा भूकंप झाला आणि मागोमाग आग लागली. जळालेला भाग गुलाबी रंगात दाखवणारा एक नकाशा होता, त्याची मी पुढे काढलेली प्रत. टांगता यावं म्हणून मला जाड कापडावर चिकटवलं, वर-खाली लाकडी दांड्या बसवल्या, आणि गुंडाळून पत्र्याच्या नळकांड्यात घातलं. हैदराबादच्या एका ग्रंथालयात मी त्या नळकांड्यात वर्षानुवर्षं उभा होतो. अंधारात आपलंच अंग आपल्याला टोचायला लागतं, हे मला तिथं कळलं.

एका उन्हाळ्यात झाकण उघडलं. उघडणाऱ्या बाईंचं नाव महादेवी. त्या लातूरच्या एका महाविद्यालयात इतिहास शिकवत आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या नागरी जीवनावर प्रबंध लिहीत होत्या. सुट्टी लागली की हैदराबाद गाठायच्या, मला टेबलावर पसरून चारी कोपऱ्यांवर पुस्तकं ठेवायच्या आणि बोटानं एकेक रस्ता चालायच्या. शेवटी ग्रंथपालांनी मला त्यांनाच देऊन टाकलं. "घेऊन जा बाई. तुमच्याशिवाय ह्याला इथं विचारतंय कोण?"

लातूरला विभागाच्या खोलीत मी उजेडात टांगला गेलो. ते माझे सुखाचे दिवस. भूगोलाचे गुरुपादप्पा सर चहा पिताना बाईंना चिडवायचे, "आपल्या नळाला पाणी कधी येतंय ते कळंना, अन् तुम्ही तिकडच्या नगरपालिकेचा इतिहास लिहून राहिल्या!"

"म्हणूनच लिहून राहिले," बाई म्हणायच्या. "तिकडची माणसं एकत्र बसून भांडली, तेव्हा त्यांचं शहर उभं राहिलं. कशी भांडली ते बघते."

मग १९९३चा सप्टेंबर आला. गणपती बुडवून माणसं निजली होती. त्या पहाटे जमीन हलली. मी खिळ्यावरून खाली पडलो, माझं एवढंच झालं. तिकडे औसा तालुक्यात दगडमातीच्या भिंती निजलेल्या माणसांवर बसल्या. बाई विद्यार्थ्यांना घेऊन त्याच दिवशी निघाल्या आणि किती तरी दिवस अंगावरच्या लुगड्यानिशी तिकडेच राहिल्या.

काही महिन्यांनी त्यांनी मलाही नेलं. गाव पत्र्याच्या शेडमध्ये राहत होतं. नव्या गावाचा सरकारी आराखडा आला होता. सरळ रेघा, ओळीनं घरं. जमीनवाल्यांची घरं पुढे. आतार, मोमीन, तांबोळी यांची आठ-दहा घरं मात्र नाल्याच्या पल्याड, एकटी. सुतळीनं मला शेडच्या पत्र्याला बांधलं. समोर सगळा गाव बसला होता.

"ह्यो कुठला गाव म्हणायचा?" शेषेरावांनी विचारलं. गावातलं मोठं शेतकरी घर त्यांचं. त्यांची बायको सिंधु भूकंपात गेली होती. तेव्हापासून ते कुणाशी फार बोलत नसत.

बाईंनी माझ्या गुलाबी भागावर हात ठेवला. "ह्या शहरातही भूकंप झाला. सगळं जळालं. इथं, अगदी मधोमध, चिनी लोकांची वस्ती होती. राख गार व्हायच्या आधीच मोठी माणसं म्हणाली, आता ह्या लोकांना शहराच्या टोकाला नेऊन टाका."

मागे बसलेल्या रहमतबी पुढे सरकल्या. बांगड्या विकणारं त्यांचं घर. "मंग बाई, गेली का ती लोकं?"

"न्हाई गेली. आमची जागा हीच, आमची दुकानं इथंच होती, म्हणाली. बोलणी केली, भांडली, आणि होत्या त्याच जागी पुन्हा घरं बांधली."

रहमतबींनी हात लांब करून त्या जागेला बोट लावलं. खूप वेळ त्यांनी ते उचललंच नाही.

कोणी तरी मागून म्हणालं, "तिकडचं तिकडं. आपला आराखडा वरून आलाय. आपण बोलून काय हुणार हाय?"

तेव्हा शेषेराव उठले. "माझी लेक मातीत गाडली गेल्ती. रहमतबीच्या पोरानं, ताहेरनं, हातानं माती उकरून तिला काढलं. त्याची नखं गेली. त्यानं गल्ली बगितली न्हाई." त्यांनी आराखड्यावरच्या नाल्याकडे बोट दाखवलं. "ताहेरचं घर नाल्याच्या पल्याड जात असंल, तर माझंबी तिकडंच टाका. असं लिवा, म्या अंगठा करतो."

मग एकेक जण उठून शेषेरावांच्या शेजारी जाऊन उभा राहिला. तो आराखडा पुढे बदलला. नाल्याच्या पल्याड एकही घर गेलं नाही. मित्रांनो, मी कागद आणि कापड आहे, पण त्या दिवशी मला आपण शहर असल्यासारखं वाटलं.

बाईंचा प्रबंध पुरा झाला. पुढे संस्थेनं त्यांची बदली नांदेडला केली. ट्रकात कपाटं चढली, पुस्तकं चढली. मी नळकांड्यात होतो आणि नळकांडं दाराआड होतं. ट्रक निघून गेल्याचा आवाज मी ऐकला.

दरम्यान लातूर बदललं. मेडिकलला नंबर लागावा म्हणून किनवट, लोहा, रेणापूर, कुठून कुठून मुलं येऊ लागली. गल्लोगल्ली क्लास निघाले. इतिहासाला कोणी येईना, तेव्हा विभागाची खोली एका खासगी क्लासला भाड्यानं दिली. क्लासवाल्यांनी मला बाहेर काढलं, पाठीवर हात फिरवला आणि म्हणाले, "कापड दणकट हाय. मूलद्रव्यांचा तक्ता ह्याच्यावरच चिकटवा." माझ्या पाठीला डिंक लागला, दांड्या कापल्या गेल्या, वरून प्लास्टिक बसलं. चार कोपऱ्यांत चार खिळे. तेव्हापासून मी इथं आहे.

हायड्रोजन, हेलियम, लिथियम. रोज माझ्या पाठीवर छडी टेकते आणि साठ पोरं एका सुरात म्हणतात. मला सगळं पाठ झालं आहे. एकदा सुकन्या नावाच्या मुलीला मैत्रिणीनं विचारलं, "तुझं गाव कुठलं?" ती म्हणाली, "औश्याकडचं. पुनर्वसनातलं. जुनं गाव मी बघितलं न्हाई, अन् नव्याचं कुणी काही सांगत न्हाई." मी हातभर अंतरावर होतो. माझ्या तोंडात चुना होता.

मागच्या हिवाळ्यात दारात काठी वाजली. पावलं ओळखीची, पण संथ. "इथं माझा एक नकाशा राहिला होता," महादेवीबाई म्हणाल्या. "त्या भूकंपावर मराठीत पुस्तक लिहिते आहे. तो मिळाला असता तर छापला असता."

आताचे शिवम सर भला माणूस. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, कपाटांमागे वाकून पाहिलं. त्यांना काय माहीत? क्लास त्यांनी पुढे चालवायला घेतला, तेव्हा मी भिंतीवरच होतो. "न्हाई हो मॅडम. साफसफाईत गेला असंल."

बाई उठताना थोड्या डगमगल्या. तोल सावरायला त्यांनी हात टेकला, तो नेमका माझ्या पाठीवर. प्लास्टिक, तक्ता, डिंक, कापड, एवढ्यातून तळव्याची ऊब माझ्यापर्यंत आली. तो दाब मी ओळखला. मी सगळं बळ एकवटलं. एक खिळासुद्धा कुरकुरला नाही.

"तक्ता छान ठेवलाय," बाई म्हणाल्या, आणि काठी टेकत जिना उतरल्या.

मित्रांनो, यंदा भिंतीला ओल फार आहे. माझा समुद्र चुन्याला चिकटून गेला, आता टेकड्यांची पाळी आहे. माझं तुमच्याकडे एवढंच मागणं. जुन्या वस्तूला नव्या कामाला जरूर लावा, पण लावण्याआधी तिला उलटून पाहा. आणि कोणी म्हातारं माणूस काही शोधत तुमच्या दाराशी आलं, तर "न्हाई" म्हणायच्या आधी भिंतीवरचे चार खिळे काढा.