पार्बताबाईची सात्यांची टोपली

मित्रांनो, मी बांबूची एक जुनी टोपली आहे. माझ्या कडा झिजल्या आहेत, बूड दोन ठिकाणी सुतळीने शिवलेलं आहे आणि स्वभाव जरा फटकळ आहे. तेव्हा ऐकायचं तर नीट ऐका, मध्येच उठून जाऊ नका.

तेल्हाऱ्याच्या एका बुरडाने मला विणलं. बाजारात बायका येत, मला उचलत, नाक मुरडत आणि ठेवून देत, कारण माझी वीण विरळ होती. पार्बताबाईने मात्र मला उजेडाकडे धरून आरपार पाहिलं आणि म्हणाली, "सात्यांले अशीच पायजे. हवा लागते त्याइले." असं मला घर मिळालं, हिवरखेडच्या एका माळ्याचं.

सात्या म्हणजे वारुळावर उगवणारी रानातली अळंबी. पावसाची झड थांबून कडक ऊन पडलं, की शेताच्या धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, वारुळांवर त्या डोकी वर काढतात. घरची वांगी, मेथी, फुलं वाहायला प्लास्टिकचे क्रेट आले आणि मी कांद्याच्या कोठ्यात जाऊन पडले. पण सात्यांचे दिवस आले की पार्बताबाई क्रेटकडे ढुंकूनही पाहत नसे. कॅरीबॅगेत सात्यांना घाम फुटतो, त्या सडतात. माझ्यात त्या ताज्या राहतात. तेवढे दिवस माझा तोरा काय वर्णावा!

आणि पार्बताबाईचा हात! मी किती हात पाहिले, पण तसा नाही पाहिला. ती वारुळापाशी बसायची, ओल्या मातीत बोटं खुपसायची आणि सात्या अलगद, मुळासकट काढायची. मूळ कसलं, लांबच लांब शेपूट, थेट वारुळाच्या पोटात गेलेलं. मग टोपीच्या मधलं टोक बघायचं, दांड्याला गोल कडं नाही ना ते बघायचं, बुडाशी थैली नाही ना ते बघायचं. सगळं पटलं तरच ती माझ्यात पडे. तिच्या सासूने तिला हे वर्षानुवर्षं शेजारी बसवून शिकवलं होतं. तिची ओळख फक्त या एका जातीशी. बाकीच्या कितीही सुंदर दिसोत, ती म्हणे, "राहू दे. तिची मायी वळख नाई."

तिचे मालक केशवराव. माणूस सोन्यासारखा, पण भाजीच्या बाबतीत भारी अभिमानी. बाजारात त्यांच्या मेथीच्या जुडीला मातीचा कण सापडायचा नाही. मुळं छाटलेली, धुतलेली, पानं एका रेषेत. गिऱ्हाईक लांबून ओळखे.

गेल्या वर्षीच्या श्रावणातली गोष्ट. त्यांची सून रागिणी, माहेर चांदूर रेल्वेचं, हिला चौथा महिना लागला होता. पोरीच्या पोटात अन्न ठरेना. भात नको, भाकर नको, डॉक्टरीणबाईंच्या गोळ्याही वर येत. गाल बसले होते तिचे. घरात कोणाला घास गोड लागत नव्हता. आणि एके सकाळी ती सासूला हळूच म्हणाली, "आत्याबाई, सात्यांची भाजी खावीशी वाटून राह्यली."

झालं! डोहाळा तो. पण पार्बताबाईच्या पायात बाभळीचा काटा मोडून पाऊल भोपळ्यासारखं सुजलं होतं. केशवरावांनी मला कोठ्यातून काढलं. "मी आणतो. जल्मभर भाजीच तं केली," ते म्हणाले. पार्बताबाई "थांबा, उद्या मी येतो," म्हणेपर्यंत ते फाटकाबाहेर होते.

वारुळावर थोड्याशाच होत्या. एवढ्याशाने भाजी कशी होणार? तेव्हा ते नाल्याकाठी झाडांखाली गेले. तिथे पांढऱ्याशुभ्र, टपोऱ्या उभ्या होत्या. केशवरावांचा चेहरा खुलला. त्यांनी विळा काढला आणि मेथी कापावी तशा त्या मातीलगत कापल्या. वारुळावरच्यांची शेपटंही छाटली. मग सगळ्या एकत्र मोटरच्या धारेखाली धुतल्या आणि टोप्या वर करून माझ्यात मांडल्या. मी इतकी देखणी कधी दिसले नव्हते. पण मला तोंड असून उपयोग काय, बोलता कुठे येत होतं? माझा जीव नुसता टांगणीला लागला होता.

घरी रागिणी चुलीजवळ लसूण सोलत बसली होती. कितीतरी दिवसांनी तिच्या तोंडावर हसू होतं. पार्बताबाईने मला पुढे ओढलं, एक सात्या उचलली, उलटी केली.

"हिचं बूड कुठी हाये?"

"छाटलं. माती कोन खाते?"

"मंग मी काय पाहू? बुडाशिवाय मले वळखू येत नाई."

केशवरावांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "चांदीचं जोडवं टाक शिजताना. काळं नाई पडलं का चांगली."

"त्यानं काई समजत नाई. मायी सासू सांगे, जोडवं पांढरं रायते अन् मानूस जाते."

"मंग मी खाऊन पाहतो आधी."

"अन् लगेच काई नाई झालं तं? हे इख दुसऱ्या दिवशी उठते. तोवर पोरीनं जेवून घेतलं असते." तिने मला कुशीत घेतलं. "मी शिजवत नाई."

रागिणीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "आत्याबाई, थोडीशीच," ती म्हणाली. पार्बताबाईने मला आणखी घट्ट धरलं. पोरगी उपाशी आहे, मागते आहे, आणि आपण नाही म्हणतो आहोत. सोपं होतं का ते? तरी तिने उकिरड्यापाशी खड्डा करून मला पालथं केलं आणि वर माती लोटली. केशवराव पाठ फिरवून बसले.

मग ती म्हणाली, "चला, कुठून आनल्या ते दाखवा." काठी टेकत, लंगडत ती नाल्यापर्यंत गेली. मी तिच्या काखेत. कापलेले बुंधे मातीत तसेच उभे होते. तिने काठीनेच माती उकरली. एक बुंधा वर आला आणि त्याच्या बुडाशी पांढरी थैली होती, अंड्याचं कवच फुटावं तशी. दुसऱ्यालाही तीच.

"असी थैली असली का त्यात जीव घेनारी जात असते," ती एवढंच म्हणाली. त्यांना रागावली नाही.

केशवराव मटकन खाली बसले. म्हणाले, "पार्बता, मी तिले माया हातानं वाढलं असतं वं."

"वाढलं नाई ना," ती म्हणाली आणि काठी त्यांच्यापुढे धरली. उठायला.

घरी येऊन त्यांनी स्वतः सुनेपुढे कण्या आणि ताक ठेवलं. "बाई, त्या साऱ्या सात्या नव्हत्या. आज हे खा," म्हणाले, आणि मग खरं काय ते सगळं सांगून टाकलं. रागिणीने एक हात पोटावर ठेवला, वाटी उचलली आणि निम्मी संपवली. त्या कण्या तिच्या पोटात ठरल्या.

मित्रांनो, रानातली अळंबी एकट्याने तोडू नका, कोणी देखणी करून दिली तरी ओळखीशिवाय खाऊ नका, आणि जाणतं माणूस नको म्हणालं तर त्याच्याशी हुज्जत घालू नका. भरलेपणाचा अभिमान मलाही आहे, टोपलीच मी. पण माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम मी त्या दिवशी केलं, उकिरड्यापाशी पालथी होऊन. रागिणीची लेक आता रांगते.