फक्त आमेन ऐकू आलं

आमच्या चर्चमध्ये प्रार्थनेच्या वेळी डोळे उघडे ठेवायची मुभा एकाच व्यक्तीला आहे, आणि ती मी. सगळ्यात मागच्या बाकामागे माझं टेबल. त्यावर एक लॅपटॉप, माईकचे आवाज कमी-जास्त करायची पेटी आणि वायरींचा गुंता. वर भिंतीवर एक कॅमेरा, त्यात माणसं ठिपक्याएवढी दिसतात. उपासना घरी बसून ऐकणाऱ्यांपर्यंत पोचवायची, हे माझं काम. पाळकसाहेब त्याला सेवा म्हणतात, मी हमाली म्हणते. जरा डोळे मिटले की कुठला तरी माईक शिट्टी मारतो, म्हणून मी मिटत नाही. त्यामुळे मंडळी देवापुढे कशी दिसते ते एक देवाला माहीत आणि एक मला. खजिनदारकाका एक डोळा किलकिला करून घड्याळ बघतात. पाळकसाहेबांची प्रार्थना लांबली की सगळ्यात मोठी जांभई त्यांच्या बायकोची असते. मला मात्र धड प्रार्थना करून कित्येक महिने झाले असतील. जी करते ती घाईघाईत, इंटरनेट चालू राहू दे एवढीच.

एरवी मी लिफ्टच्या कंपनीत तक्रारींच्या फोनवर असते. आत अडकलेली माणसं फोन करतात. मी त्यांना सांगते, घाबरू नका, उगाच सगळी बटणं दाबू नका, आमचा माणूस निघालाय. बहुतेक वेळा माणूस निघालेला नसतो. पण आवाज शांत ठेवला की समोरचा थोडा वेळ तरी विश्वास ठेवतो, आणि असा आवाज काढणं मला झकास जमतं.

आमच्याकडे उपदेश झाला की मोकळी प्रार्थना असते. ज्याला वाटेल त्याने मधल्या माईकपाशी जायचं आणि मनात येईल ते देवापुढे मांडायचं. कोणाचा गुडघा, कोणाची परीक्षा, कोणाची सून. आणि शेवटी राज्यकर्त्यांसाठी कोणीतरी दोन वाक्यं म्हणायची, ही जुनी पद्धत. ती दोन वाक्यं माझ्या थोरल्या भावाने स्वतःकडे घेतली आणि त्यांचं भाषण केलं. दादाला मंडळीत भोंगा म्हणतात. त्याला माईक लागत नाही, तरी तो माईकपाशीच उभा राहतो.

दादा सरकारी दवाखान्यात नर्सिंगचं काम करतो. तिथे दारातच चेहरा ओळखणारं यंत्र बसवलंय. यंत्राने ओळखलं तर केसपेपर, नाही तर घरी. खंगलेले, सुजलेले, भाजलेले चेहरे त्याला ओळखू येत नाहीत, म्हणजे आजारी पडलात की तुम्ही तुम्ही राहत नाही. दादा ती माणसं मागच्या दाराने आत घेतो, बोलणी खातो, आणि रविवारी देवाला सगळं सांगतो. यंत्र कोणी आणलं, उद्घाटन कोणी केलं, हसत फोटो कोणी काढला. राज्य चालवणाऱ्या मोठ्या साहेबांचं नाव घेऊन सांगतो.

आणि आमची आई मोठ्या साहेबांची भक्त. भक्त हा शब्द तिला चालणार नाही, भक्ती फक्त देवाची, पण दुसरा शब्द मला सापडत नाही. साहेब आले आणि गल्लीत दिवे लागले, बायका अंधार पडल्यावरही निर्धास्त घरी येऊ लागल्या, हे खरंच आहे. शिवाय साहेब भाषणाआधी क्षणभर डोळे मिटतात. आईला तेवढं पुरतं. तिच्या पलंगासमोर साहेबांच्या फोटोचं कॅलेंडर होतं. एका रविवारी जेवता जेवता वाद पेटला, दादा उठला आणि त्याने ते टराटरा फाडलं. वर म्हणाला, "तुझ्यासारख्यांमुळेच हे चाललंय. तुझं तोंड बघायची इच्छा होत नाही." आई म्हणाली, "मग नको बघूस. चालता हो." तो झाला. दवाखान्याजवळ खोली घेऊन राहतो. दुसऱ्या दिवशी आईने माझ्याकडून तेच कॅलेंडर नवीन आणवलं आणि त्याच खिळ्याला लावून घेतलं.

तेव्हापासून दोघं बोलत नाहीत. मध्ये मी आहे, पण माझ्यामार्फतही निरोप नाही. एकापेक्षा एक हट्टी.

आईचे पाय गेले आहेत. रविवारी सकाळी मी तिचे केस विंचरून, चांगले कपडे घालून, फोन तिच्या उशापाशी लावून निघते. परत आले की ती उपदेशाबद्दल चकार शब्द काढत नाही. दादाच्या राजकारणाला नावं ठेवते आणि मध्येच म्हणते, "घसा बसलाय त्याचा. अंगावर काढत असणार." किंवा, "आज आवाज पोकळ होता. जेवत नाही नीट." त्याच्या शिव्याशापांतून ती त्याची तब्येत ऐकते. आठवड्यातून एकदा, तेवढ्या चार मिनिटांत, तिला मुलगा मिळतो. हे ती कबूल करणार नाही आणि मीही कधी बोलून दाखवलं नाही.

एका संध्याकाळी पाळकसाहेब घरी आले. आईची विचारपूस केली आणि मला जिन्यात बोलावलं. नव्या नियमाप्रमाणे माणसं जमतात अशा प्रत्येक जागेला दरवर्षी परवाना लागतो. आमचा कचेरीत अडकला होता.

"तिथल्या साहेबांचा फोन आला होता," पाळकसाहेब म्हणाले. "फार गोड बोलले हो. म्हणाले, तुमच्या प्रार्थना आम्ही आवडीने ऐकतो, विशेषतः शेवटच्या."

"मग त्यांनाही आमेन म्हणायला सांगा," मी म्हणाले.

ते हसले नाहीत. "ताई, दादांना मी थांबवणार नाही. देवासमोर कोणाला गप्प बसवायचं हे माझ्याच्याने होणार नाही. ते आत बोलू देत. फक्त बाहेर जायला नको. तेवढ्यापुरतं वाद्यसंगीत लावा, क्रूसाचं चित्र लावा. कोणाला कळणारही नाही."

"म्हणजे तुमच्याच्याने होणार नाही ते मी करायचं."

"चर्चला कुलूप लागलं तर काय करायचं, ते तुम्ही सांगा," ते म्हणाले. माणूस वाईट नाही.

मी हो म्हटलं. परवान्यासाठी म्हटलं, हे अर्धंच खरं. दादाचा मला राग होता. हा माईकपाशी शूर, आणि आईला कुशीवर कोण वळवतं? बेडपॅन कोण देतं? जगातल्या सगळ्या म्हाताऱ्यांसाठी याचा जीव तुटतो, आणि घरची म्हातारी माझ्या गळ्यात. एक रविवार तरी याचा भोंगा बंद राहू दे, असं मला मनापासून वाटलं.

पहिल्या रविवारी सगळं सोपं गेलं. दादा माईककडे निघाला, मी बटण दाबलं. आत तो गरजत होता आणि बाहेर बासरी वाजत होती. तो बसला, मी बटण सोडलं. घरी आले तर आईने फोन छातीशी धरला होता.

"आज तो उभा नाही राहिला?"

"राहिला की. मध्येच रेंज गेली."

"बरा आहे ना?"

"ठणठणीत."

तिला ते पुरलं नाही. आठवडाभर ती फोन बंद करून चालू करत राहिली. "बघ गं, यातच काहीतरी बिघडलंय." मी बघायचं नाटक केलं. आवाज शांत ठेवला.

मन मात्र थाऱ्यावर नव्हतं. बसमध्ये, भांडी घासताना, अडकलेल्या माणसाला धीर देताना मी स्वतःशी वाद घालत होते. देवाला काही लॅपटॉप लागत नाही. दादाची प्रार्थना जिथे पोचायची तिथे पोचली, मग मी अडवलं काय? पण नुसत्या देवासाठी असती तर ती त्याने खोलीत बसूनही केली असती. दवाखान्यातलं यंत्र चेहरे ओळखत नाही, पण त्याला निदान भाऊ नाही. मी ओळखून बंद केलं. मग वाटायचं, एवढं काय त्यात, कोणाला सुळावर तर नाही दिलं. आणि तिथेच अडकायची. प्रभूला सुळावर देणाऱ्यांतही कोणीतरी परवान्याची काळजी करणारा असेलच. घरी आजारी आई असलेला. तोही त्या संध्याकाळी जेवला असेल, आणि प्रकरण शांतपणे मिटलं म्हणून त्याला बरंही वाटलं असेल.

पुढच्या रविवारी मी ठरवून गेले होते की बंद करायचं नाही. निदान बसमध्ये तरी ठरलेलं होतं. पाळकसाहेब उपदेश संपवून बसले आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, अजिजीने. दादा उठला. माईकपाशी जाऊन त्याने नेहमीसारखीच सुरुवात केली, "प्रभो, आमच्यावर राज्य करणाऱ्यांसाठी..." आणि माझं बोट गेलं. बासरी सुरू झाली.

दादा थांबला. मग त्याने डोळे उघडले. प्रार्थनेत डोळे उघडलेला दादा मी कधी पाहिला नव्हता. तो वर भिंतीवरच्या कॅमेऱ्याकडे बघत होता.

"आज त्यांच्यासाठी नाही," तो म्हणाला, भोंग्याला न शोभणाऱ्या आवाजात. "प्रभो, माझी आई हे ऐकते, मला माहीत आहे. आई, माझं मत बदललेलं नाही. पण तुझं तोंड बघायचं नाही असं म्हणालो, ते चुकलं. मला रोज तुझं तोंड आठवतं. मी चुकलो. तू आज फोन केलास तर मी जेवायला येतो. नाही केलास तर समजेन. आमेन."

मी बटण सोडलं होतं. तो "आई" म्हणाला त्याच क्षणी सोडलं होतं. पण चित्र हटायला, संगीत थांबायला आणि आतला आवाज बाहेर पोचायला त्या मशिनला वेळ लागतो, आणि दादाने आयुष्यात पहिल्यांदाच थोडक्यात आटपलं होतं. बाहेर गेलं ते फक्त मंडळीचं आमेन. खजिनदारकाका रुमालाने डोळे पुसत होते. रेकॉर्डिंग बाहेर जाणाऱ्या आवाजाचंच होतं, तेव्हा तिथेही बासरीच.

उपासना सुटल्यावर दादा माझ्या टेबलापाशी आला. कानाच्या पाळ्या लाल झालेल्या.

"गेलं ना बाहेर?"

मी वायर गुंडाळत होते. "गेलं," मी म्हणाले.

"आज रेंज होती? मागच्या रविवारी गेली होती म्हणे."

"होती."

"बरं," तो म्हणाला आणि फोन हातात घेऊनच बाहेर पडला.

मी घरी आले तेव्हा आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. फोन उशाखाली सरकवलेला. मी काही बोलायच्या आतच म्हणाली, "आज नुसतं आमेन ऐकू आलं."

"रेंज..."

"तुझी रेंज तोच बोलायला लागला की जाते का गं? पाळकांची जात नाही. गाण्यांची जात नाही. आणि रेंज गेली की बासरी कुठून येते?" तिने मान वळवली. "तू बंद करतेस."

शांत आवाज काढायला गेले आणि तो निघाला नाही. मी पलंगाच्या कडेला बसले आणि सगळं सांगितलं. परवाना, कचेरीतला गोड माणूस, जिन्यातलं बोलणं. माझा रागही सांगितला. आईने साहेबांच्या कॅलेंडरकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्याकडेच बघत राहिली.

"कचेरीतले त्यांचं काम करतात," ती म्हणाली. "तू माझी मुलगी."

मी म्हणाले, "आई, आज तो तुझ्याशी बोलला. ऐक, काय म्हणाला सांगते. तो म्हणाला..."

"नको."

"अगं, तुझ्यासाठीच..."

"तुझ्या तोंडून नको. मागच्या आठवड्यात ठणठणीत आहे म्हणालीस, रेंज गेली म्हणालीस. आता हे कशावरून खरं?"

"मग तू त्याला फोन कर. तो वाट बघतोय."

"मी काही ऐकलेलं नाही. कशाबद्दल फोन करू?"

ती पुन्हा भिंतीकडे वळली. आईला मी ओळखते, ती हलणार नव्हती. आणि दादालाही ओळखते. फोन आला नाही तर तो समजेन म्हणाला होता, म्हणजे समजला असता, आणि पुन्हा कधी त्या माईकपाशीही उभा राहिला नसता. जेवायची वेळ टळत चालली होती. मी गप्प बसले असते तर कोणालाच काही कळलं नसतं. दोघांनी एकमेकांना दोष दिला असता, आणि माझं नाव कुठेच आलं नसतं.

मी उशाखालून आईचाच फोन काढला आणि दादाला लावला. आवाज मोठा करून फोन तिच्या पांघरुणावर ठेवला. पहिली घंटा पुरी व्हायच्या आत त्याने उचलला.

"आई?"

"मी बोलतेय," मी म्हणाले. "दादा, आईने काही ऐकलेलं नाही. आजही नाही आणि मागच्या रविवारीही नाही. रेंज नव्हती गेली. तुझा आवाज मी बंद केला होता. तुला खोटं सांगितलं."

तो शिव्या देईल, फोन आपटेल, याची मी वाट बघत होते. तेवढ्यात आई कोपरावर रेलून उठली. स्वतःहून ती कित्येक दिवसांत तेवढी उठली नव्हती.

"काय म्हणाला होतास ते आता म्हण," ती फोनला म्हणाली. "मोठ्याने म्हण."

फोन गप्प होता. आईने तो उचलून कानाला लावला, मग काढून दुसऱ्या कानाला लावला, आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी जागची उठले.

"परत बंद केलंस?"

मी दोन्ही हात तिच्यापुढे धरले. मी कशालाच हात लावला नव्हता. मग वाकून फोनशी कान नेला. पलीकडे दादा रडत होता आणि त्याला आवाज फुटत नव्हता.