मासळीबाजाराच्या पाठीमागचं घर

"मागं एवढा मोठा मासळीबाजार उभा राहिला, बाई. घराची किंमत वाढणारच," कर ठरवणारा अधिकारी पंखा स्वतःकडे वळवत म्हणाला.

"बाजाराचं तोंड पलीकडच्या रस्त्याला आहे, साहेब. माझ्याकडे त्याची पाठ आहे," सिस्टर म्हणाली. "आणि पाठीकडून काय बाहेर पडतं, ते मी तुम्हाला काय सांगू?"

कोपऱ्यातला कारकून फिसकन हसला. अधिकारी हसला नाही. "मी येऊन डोळ्यांनी बघतो. मग ठरवू."

अख्खी गल्ली तिला सिस्टरच म्हणायची. सगळा जन्म इस्पितळात जखमा धुण्यात गेला होता. सडलेले पाय, पू धरलेली गळवं. नातेवाईक नाकाला रुमाल लावून दाराबाहेर पळायचे, तेव्हाही तिने कधी तोंड फिरवलं नव्हतं. पण तिथून घरी येता यायचं. आता घाणच घरी आली होती. माशांची मुंडकी, आतडी, कल्ले, सगळं तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली पडायचं. नवऱ्याने हौसेने बांधलेलं घर. तो गेला आणि वर्षभरात बाजार आला. आणि आता सरकारी कागदावर हे घर मोक्याच्या जागेचं झालं होतं. वाढलेला कर पेन्शनमधून भागणं शक्य नव्हतं. विकावं म्हटलं, तर आलेलं गिऱ्हाईक खिडकीपर्यंत जाऊन उलट्या पावली परतायचं.

पाहणीच्या दिवशी सकाळीच गाड्या आल्या. बाजाराच्या ठेकेदाराला कुणकुण लागली असावी. ढीग उचलला गेला, पाणी मारलं, वर पांढरी पावडर पसरली.

शेजारच्या गल्लीत राहणारा तिचा दीर तणतणत आला. "वहिनी, अजून वेळ आहे. घमेलंभर घाण आणून स्वयंपाकघरात ओततो. साहेबाला दिसायला नको?"

"माझ्या घरात नाही."

"मग बसा खरेपणाची पूजा करत."

अधिकारी आला. खिडकीतून वाकून बघितलं, मग मागच्या बाजूला गेला. "इथं तर चांगली स्वच्छता आहे, बाई."

पडलेली एक काठी उचलून सिस्टरने भिंतीच्या कडेची पावडर बाजूला सारली. खाली काळा चिखल होता आणि तो हलत होता. अळ्यांचा गोळाच्या गोळा फुटून साहेबाच्या बुटाकडे पसरला. त्यातून जी वाफ वर आली, तिने दीरही दोन पावलं मागे सरला.

अधिकाऱ्याने तोंडावर हात दाबला, पण उपयोग झाला नाही. तो तिथेच भिंतीला धरून भडाभडा ओकला. सिस्टरने काठी टाकली आणि काही सुचायच्या आत एका हाताने त्याचं कपाळ धरलं, दुसरा पाठीवरून फिरवला. "होऊ द्या. सगळं पडून जाऊ द्या. घाबरायचं नाही." मग घरात नेऊन खुर्चीवर बसवलं, चूळ भरायला पाणी दिलं, त्याचे बूट ओल्या फडक्याने पुसले.

"तुम्ही इथं जेवता कशा?" त्याने डोळे पुसत विचारलं.

"तेच तर सांगत होते, साहेब."

जाताना त्याने हात जोडले. त्या रात्री सिस्टरला बऱ्याच दिवसांनी गाढ झोप लागली.

निकाल आला तो दिराने वाचून दाखवला. 'पाहणीच्या वेळी परिसर स्वच्छ आढळला. हरकत फेटाळण्यात येत आहे.'

"आपल्या अंगणात ओकून गेला," दीर म्हणाला. "आणि लिहितो काय, तर स्वच्छ. वहिनी, त्याचं कपाळ कशाला धरलंत? पडू द्यायचं होतं त्याच चिखलात."

"ओकणाऱ्याचं कपाळ धरायचंच असतं," सिस्टर म्हणाली. पण बोलताना तिचा चेहरा असा आक्रसला, की दिराने तो तसा पूर्वी कधी पाहिला नव्हता. तिने न्हाणीघरात जाऊन हात धुतले. परत आली, पुन्हा गेली आणि पुन्हा धुतले. मागे खिडकीखाली घाणीची गाडी उपडी झाल्याचा लदकन आवाज आला.

"वरच्या साहेबाकडे जाऊ या," दीर म्हणाला.

"जाऊ. आधी जेवते."

तिने पान वाढून घेतलं. खिडकीकडे पाठ करून उंबऱ्याशी बसली. ताटावर दुसरं ताट पालथं घातलं. मग कड जराशी उचलून आत हात घालायची, एक घास घ्यायची आणि माशी शिरायच्या आत पुन्हा झाकायची. असं करत तिने शेवटच्या शितापर्यंत जेवण संपवलं.