मुलीकडची की मुलाकडची?

राधाकृष्ण माझा नवरा. आम्ही दोघंही सॉफ्टवेअरमध्ये. कोणती माहिती कशी साठवायची आणि कशाला काय जोडायचं, हे तो ठरवतो. ती माहिती माणूस कुठे शोधायला जाईल, हे मी ठरवते. आमच्या घरी यावरून जेवढी भांडणं झाली, तेवढी स्वयंपाकावरूनही झाली नाहीत.

माझ्या नणंदेचं लग्न ठरलं, संगमनेरला, तिच्या आत्याच्या मुलाशी, भागवतशी. मानपानात कोणी ना कोणी रुसतंच, म्हणून राधाकृष्णने अ‍ॅपच बनवलं. माईकवर कोणाला बोलवायचं, काय द्यायचं, सगळं त्यात.

"एक माणूस, एक नोंद, एक नातं," तो म्हणाला.

"आणि भीमाआत्या? ती मुलीची आत्या आणि मुलाची आई. लोक तिला दोन्हीकडे शोधतील."

"नोंद एकदाच असते, धनश्री. तू बटणं बघ."

मी बटणं बघितली. 'मुलीकडचे' आणि 'मुलाकडचे', अशी दोनच. आत्या मुलीकडे गेली.

लग्नाच्या दिवशी नावं पुकारायचं काम सासऱ्यांकडे होतं. फोनच्या पडद्यावर येईल ते वाचायचं, डोकं चालवायचं नाही, अशी लेकाची ताकीद होती. मुलीकडचा मान झाला, आत्याला साडी मिळाली. मग मुलाकडच्यांची पाळी आली, तर पडद्यावर 'वरमाई'पुढे नावच नाही. व्याही मंडळींत कुजबूज सुरू झाली. राधाकृष्णने घाईघाईने आत्याचं नातं बदललं. अ‍ॅपने लगेच तिला मुलीकडच्या यादीतून काढलं आणि पुढची सूचना दाखवली. सासऱ्यांनी ती खणखणीत वाचली.

"भीमाबाई यांच्याकडील साडी परत घ्यावी."

आत्या उठली. साडी सासऱ्यांच्या मांडीवर ठेवून मांडवाबाहेर जाऊन बसली. इकडे मुहूर्त जवळ आलेला. आई आल्याशिवाय पाटावर उभा राहणार नाही, असं भागवत म्हणाला. नणंदेचा चेहरा रडवेला झाला. मला नवऱ्याचा असा राग आला, की सांगता सोय नाही.

आम्ही दोघं आत्याकडे गेलो.

"आत्या, नोंद चुकली. दोन साड्या देतो," राधाकृष्ण म्हणाला.

"साडीचं काय घिऊन बसलास? पोराचं लगीन केलं म्हून माजं माहेर पुसलं व्हय रं?"

मी राधाकृष्णच्या हातातून फोन घेतला आणि आत्याची मुलीकडे दुसरी नोंद केली.

"एका माणसाच्या दोन नोंदी? पाप आहे हे," तो पुटपुटला.

"माझ्या माथी लिही," मी म्हणाले.

सासऱ्यांनी पुन्हा पुकारलं, "वरमाई, भीमाबाई."

आत्या हलली नाही. सासऱ्यांनी फोन बाजूला ठेवला, चष्मा काढला. माईक चालूच होता.

"भीमे, आत ये की गं."

आत्या उठली, डोळे पुसत सरळ आत आली आणि भावाशेजारी उभी राहिली. मुलाकडचे तिला हातवारे करून बोलवायला लागले.

"थांबा जरा," ती म्हणाली. "मी आदी हितली हाय."